पायरी बघायला आलोय

मिस्त्रींनी पायरीवर टाच आपटली. पायरी गप्प. मग त्यांनी दोन्ही पायांनी तिच्यावर उभं राहून अंगाचा सगळा भार टाकला, पुढे-मागे डुलून पाहिलं, आणि शेवटी चक्क उडी मारली. आता मिस्त्री म्हणजे काही काडीपैलवान नव्हेत. वरच्या मजल्यावर चुन्याचा गिलावा करणारा गवंडी तिथूनच ओरडला, "अहो, भूकंप झाला की काय?" पण पायरीने हूं की चूं केलं नाही.

"मेलो," मिस्त्री म्हणाले आणि तिच्यावरच बसले.

दुसरा कुणी सुतार असता तर त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. जन्मभर लोकांच्या दारांची, पलंगांची, जिन्यांची करकर घालवण्यावर ज्याने संसार केला, त्याने दुरुस्त केलेली पायरी गप्प बसली तर त्यात मरण्यासारखं काय आहे? पण जुन्या कचेरीच्या जिन्यातली, वळण घेतल्यावर लागणारी ही पहिली पायरी गप्प बसायला नको होती. तिने अगदी पूर्वीसारखं करकरायला हवं होतं. तसं वचन मिस्त्रींनी बायकोला दिलं होतं, आणि बायको उद्घाटनाला येणार होती.

कचेरी दगडी, दुमजली, उंच खिडक्यांची. एके काळी गावातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या कागदासाठी तिथे खेटे घालायचा. मग कचेरी नव्या काचेच्या इमारतीत गेली आणि इथे कबुतरांनी बस्तान मांडलं. पाडून टाका म्हणणारे पुष्कळ होते. पण शेवटी ठरलं की तिथे वाचनालय करायचं: खाली वाचायला दिवाणखान्यासारखी मोठी जागा, वर मुलांची खोली, आणि वरच जिन्याच्या तोंडाशी जी छोटी खोली आहे तिथे कानाला यंत्र लावून पुस्तकं ऐकायची सोय.

या कामाची सगळी सूत्रं एका वास्तुरचनाकार बाईंच्या हातात होती. वयाने मिस्त्रींच्या लेकीएवढ्या. त्यांचं खरं नाव कामावर कुणाच्या तोंडात बसलंच नाही, कारण त्या दिवसभर एकच शब्द बोलायच्या. शिडी उचलली, जपून! दार उतरवलं, जपून! चहाचा पेला पुढे केला तरी, जपून! म्हणून त्या जपूनबाई. त्यांनाही ते ठाऊक होतं. फोनवर त्या स्वतःच म्हणायच्या, "मी जपूनबाई बोलतेय, वाळू कुठवर आली?" त्यांचा नियम साधा होता. जे जुनं टिकण्यासारखं आहे ते टिकवायचं, आणि जे बदलावंच लागेल ते बदलण्याआधी विचारायचं.

मिस्त्रींच्या वाट्याला जिना आला तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. ते जिन्याखाली उताणे झोपले, एकेक पायरी ठोकून पाहिली, आणि खराब होत्या त्यांच्या पोटावर खडूने फुल्या मारल्या. सुताराची फुली म्हणजे काय, हे लाकूडकाम करणाऱ्या कुणालाही विचारा: ही दुरुस्त करायची. मग ती पायरी आली. फळी ठणठणीत होती. खालची लाकडी पाचर तेवढी वाळून किंचित सुटली होती, त्यामुळे पाय पडला की फळी पाचरीला घासायची आणि बोलायची. पडायची भीती नव्हती. "राहा तू अशीच," मिस्त्री तिला म्हणाले, आणि विसरून तिला हात लागू नये म्हणून तिच्या पोटावर एक भली मोठी फुली मारून ठेवली.

आता बोला! जन्मभर ज्या खुणेचा अर्थ 'हात लाव', ती खूण या माणसाने 'हात लावू नको' म्हणून मारली.

पुढे काही आठवडे खिडक्यांत गेले. मग मिस्त्री पुन्हा जिन्याखाली शिरले. हात कामाला लागले की त्यांचं डोकं कुठलं तरी जुनं गाणं गुणगुणत बसायचं. एक फुली, एक पायरी. एक फुली, एक पायरी. मधेच ती भली मोठी फुली दिसली. 'अरेच्चा, ही फारच खराब दिसते,' असं मनाशी म्हणून त्यांनी तिच्यावर जरा जास्तच मेहनत घेतली. नवी पाचर तासली, सरस भरला, वर दोन स्क्रूही पिळले. जिना पुरा झाल्यावर, हात पुसत, शीळ घालत ते वर चढले, वळण घेतलं, पाय टाकला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

या पायरीची कहाणी सांगायची तर मिस्त्री तरुण होते तेव्हापासून सांगावी लागेल. कचेरीतून निरोप आला होता की जिना फार करकरतो, माणूस पाठवा. सुतारखान्याच्या मालकांनी मिस्त्रींना पाठवलं. त्यांनी वळणावर पाय ठेवला, पायरी कुर्रर्र करून बोलली, ते तिथेच थांबले आणि टाच दोनदा टेकवून कुठे वाजतंय ते ऐकू लागले. तेवढ्यात वरच्या छोट्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "बोला, कोण हवंय?"

ती टेलिफोनची खोली होती. कचेरीचे सगळे फोन तिथून जोडले जायचे. जोडणारी मुलगी पंचविशीच्या आत-बाहेरची, लहानपणीच्या तापात दृष्टी गेलेली. तिच्या बोर्डावर दिव्यांऐवजी बारीक खटके वर उठायचे, ते तिची बोटं बरोबर टिपायची. एक कान लाइनीवर, दुसरा कान जिन्यावर. माणूस फोनवर असो नाहीतर दारात, तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं.

"कोणी नाही," मिस्त्री गडबडून म्हणाले. "पायरी बघायला आलोय. करकरते म्हणे."

"खबरदार तिला हात लावाल तर! ती माझी घंटी आहे. साहेब आले की मला तिच्यावरून कळतं. नाहीतर मी मैत्रिणीशी गप्पा मारताना कधीच पकडली गेले असते."

मिस्त्री खाली आले आणि हेडक्लार्कना म्हणाले की लाकूड फार जुनं आहे, घाई करून चालणार नाही, पुन्हा बघावं लागेल. मग पुन्हा बघितलं. मग पुन्हा. दर खेपेला ते वळणावर थांबायचे, टाच टेकवायचे, वरून "बोला, कोण हवंय?" व्हायचं आणि ते म्हणायचे, "कोणी नाही, पायरी बघायला आलोय." वर जायचं धाडस व्हायला पुष्कळ खेपा लागल्या. कचेरीत सगळे तोंडावर हसायला लागले. हा कसला कारागीर? वर्ष झालं, एक पायरी दुरुस्त होत नाही! गावभर नाव झालं. पण त्या पायरीपायी अब्रू घालवून मिस्त्रींनी बायको मिळवली, आणि या सौद्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही.

म्हणूनच जिन्याचं काम मिळालं त्या दिवशी ते घरी आल्या आल्या म्हणाले होते, "ऑपरेटर, तुझी पायरी मी आहे तशी ठेवणार. उद्घाटनाला तू चढशील तेव्हा ती बोलेल. शब्द दिला!" लग्नानंतरही ते तिला ऑपरेटरच म्हणायचे आणि ती त्यांना मिस्त्री. तिने ही बातमी शेजारपाजारी सगळ्यांना सांगितली. भाजीवाल्याला सांगितली. फोन करून लेकीला सांगितली. रोज संध्याकाळी ताट वाढताना पहिला प्रश्न तोच असायचा, "माझी पायरी कशी आहे?"

"आहे तशीच," मिस्त्री ऐटीत म्हणायचे.

आणि आज?

"माझी पायरी कशी आहे?"

इथे एक अडचण होती. मिस्त्री खोटं बोलले की त्यांचा आवाज जरासा वर चढायचा, आणि जिने जन्मभर आवाजांवर पोट भरलं तिच्यापासून ते लपणं शक्य नव्हतं. त्यांनी झटकन एवढा मोठा घास तोंडात कोंबला आणि घासाआडून म्हणाले, "आहे तशीच."

"सावकाश जेवा. कुणी पळवून नेत नाही," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी करकर परत आणायचे उद्योग सुरू केले. पण करकर घालवणं वेगळं आणि आणणं वेगळं. त्यांनी नवी पाचर थोडी तासली. काही नाही. आणखी तासली, स्क्रू सैल केले. कुर्रर्र नाहीच, नुसता 'टक' असा ठोकळ्यासारखा आवाज आला आणि फळी दोन सूत हलली. जुनी पाचर शोधून आणली, तर ती काढतानाच चिरली होती. गवंड्याने फुकटचा सल्ला दिला की पायरीखाली बेडूक ठेवा. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्या कुठल्या तरी जिन्याची करकर रेकॉर्ड करून आणते, खाली छोटा स्पीकर बसवू. पाय पडला की वाजेल. आईला काय कळणार आहे?"

"तुझ्या आईला?" मिस्त्री म्हणाले. "अगं, फोनवर शिंक ऐकून ती सांगायची कुठल्या टेबलावरून आली ते. तिला स्पीकर कळणार नाही?"

"मग खरं सांगून टाका ना. खाईल का ती तुम्हाला?"

"खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती हिरमुसेल गं, ते बघवणार नाही मला."

असेच एका सकाळी ते पायरीखाली घुसून खाटखूट करत असताना वरून आवाज आला, "मिस्त्री! पुरी झालेली पायरी उकलताय? जपून! म्हणजे, का?"

जपूनबाई उभ्या होत्या. मिस्त्री धूळ झटकत बाहेर आले आणि त्यांनी काहीएक न लपवता सगळं सांगितलं: घंटी, हेडक्लार्क, शब्द आणि फुली. फुलीपाशी आल्यावर बाई मटकन जिन्यावरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झालं तरी पाणी काही थांबेना.

"मी इथलं सगळं जपलं," त्या म्हणाल्या. "कड्या, बिजागऱ्या, खिडकीची काचसुद्धा. पण आवाज जपायचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? सुताराने म्हणायचं, माझी पायरी वाजू द्या?"

बाईंनी पायाने फळी दाबून पाहिली. ती टक करून हलली.

"अशी ठेवली तर काय होईल?" बाईंनी विचारलं. त्या परीक्षा घेत नव्हत्या. त्यांच्या मनात खरोखरच होतं की काही वाट निघत असेल तर काढावी.

वर मुलांच्या खोलीत रंग चालला होता, त्याचा वास जिन्यात उतरला होता. "पोरं धावणार यावरून," ते म्हणाले. "पोरं काय चालत थोडीच येतात? आज दोन सूत हलतेय, वर्षाने बोटभर हलेल. एखाद्याचं तोंड फुटेल." मग ते खाली वाकले, नवी पाचर सरस लावून घट्ट ठोकली आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळले. वर येऊन टाच आपटली. पायरी गप्प.

"शाब्बास," जपूनबाई हळूच म्हणाल्या.

"कसलं शाब्बास! घरी काय तोंड दाखवू?"

घरी त्यांनी तोंड दाखवलं, पण ते उघडलं नाही. दर संध्याकाळी प्रश्न यायचा आणि दर संध्याकाळी मोठा घास. उद्घाटनाचा दिवस उजाडेपर्यंत मिस्त्रींचं वजन वाढलं होतं.

त्या दिवशी कचेरी ओळखू येत नव्हती, आणि तरी तीच होती. दगड धुऊन काढलेला, खिडक्यांतून ऊन थेट पुस्तकांच्या कपाटांवर आलेलं, आणि ताज्या लाकडाचा वास. ज्यांनी इथे रांगेत उभं राहून पाय मोडले होते ते म्हातारे आता खुर्च्यांत ऐसपैस बसून बघत होते. मिस्त्रींची बायको ठेवणीतले कपडे घालून, गळ्यात मोत्यांची माळ घालून, लेकीच्या हाताला धरून आली. दारातच थांबून तिने मोठा श्वास घेतला आणि तिचं तोंड असं काही खुललं, की मिस्त्री दोन पावलं मागे सरले.

"जिना कुठे आहे ते मला सांगू नका," ती म्हणाली. लेकीचा हात सोडून ती सरळ चालत गेली, आणि तिचा तळवा बरोबर कठड्याच्या गोल टोकावर पडला. "कठडा छान गुळगुळीत केलात हो, मिस्त्री." मग ती एकेक पायरी चढू लागली. मिस्त्री खाली हाताची घडी घालून उभे. काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी डोळेच मिटून घेतले.

वळण आलं. तिने पाय टाकला. शांतता. तिने पाय उचलून पुन्हा टाकला. शांतता. मिस्त्रींनी एक डोळा उघडला. बायको त्या पायरीवर उभी होती, मान किंचित कललेली, जशी बोर्डावर बसल्यावर असायची. क्षणभराने ती पुढे चढून गेली. लेक तिच्यामागून गेली आणि तिला छोट्या खोलीत बसवून परत आली. "बाबा, ती काहीच बोलली नाही," लेक म्हणाली. मिस्त्रींना वाटलं, त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.

खाली भाषणं सुरू झाली. जपूनबाईंनी कारागिरांना पुढे बोलावलं, टाळ्या पडल्या, मिस्त्रींनी कुणाकुणाला नमस्कार केला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांचं सगळं लक्ष वर होतं. टाळ्या विरताच ते गर्दीतून निसटले आणि जिना चढू लागले. जाऊन सरळ माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं.

वळण आलं आणि ते थांबले. थांबायचं काही कारण नव्हतं, पण त्या पायरीवरून ते आजवर न थांबता कधी गेलेच नव्हते. टाच दोनदा टेकवली. पायरी गप्प.

"बोला, कोण हवंय?"

मिस्त्रींचं डोकं चालायच्या आत जीभ चालली. "कोणी नाही. पायरी बघायला आलोय."

"पायरी ठणठणीत आहे. मी आत्ताच बघितली. वर या."

ती खोलीत खिडकीपाशी, जिथे तिचा बोर्ड असायचा तिथेच बसली होती. कानाला पुस्तक ऐकायचं यंत्र लावलेलं, पण एकाच कानाला. जिन्याकडचा कान मोकळा.

"तुला कळलं कसं मी आलो ते?" मिस्त्री दारातूनच म्हणाले. "ती तर वाजली नाही."

"अहो, ती वाजायची सगळ्यांच्याच पायांखाली. साहेबांच्या वाजायची, शिपायाच्या वाजायची. वाजवून सगळे वर यायचे. तुमची पावलं वळणावर यायची आणि बंदच पडायची! माणूस वर येत नाही, खाली जात नाही. तुम्हाला मी करकरीवरून ओळखलंच नाही कधी."

मिस्त्री दारातून आत आले. "ऑपरेटर, मी शब्द मोडला. अगं, मी फुली मारली आणि—"

"ठाऊक आहे. त्या दिवशी तोंडात घास कोंबून 'आहे तशीच' म्हणालात, तेव्हाच कळलं. फुलीचं लेकीने सांगितलं. तेव्हा मी उशीत तोंड घालून हसले."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी किती दिवस असे जेवताय ते." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तिच्यावर पाय टाकला तेव्हा मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? फार वाटलं. पण खाली पोरांचा गलका चाललाय, ऐकताय ना? ती घट्टच हवी. तुम्ही ती सैल ठेवली असतीत तर मी तुमच्याशी बोलले नसते."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. तिला दिसत नाही म्हणून ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही, तर ती म्हणाली, "नाक पुसा. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. इतकी वर्षं विचारतेय, तुम्ही आपले दर वेळी पायरीचं नाव सांगता. कोण हवंय?"

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. असतं तरी आज त्यांना फिकीर नव्हती.

"तू," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून तूच हवी होतीस."

"थांबा, जोडून देते," ऑपरेटर म्हणाली. ती बाकावर थोडी सरकली, मिस्त्री शेजारी बसले, आणि तिने आपल्या यंत्राचं दुसरं बोंड चाचपून बरोबर त्यांच्या कानात बसवलं. आत कुणीतरी संथ आवाजात कसलीशी गोष्ट सांगत होतं. मिस्त्रींनी एक कान तिकडे दिला आणि एक जिन्याकडे ठेवला. खालून पोरांचा घोळका धडाधड वर येत होता, त्यांच्यामागून "जपून! जपून!" अशी हाक येत होती, आणि वळणावर एवढे पाय एकदम पडूनही पायरी काही बोलली नाही.